तेरचा त्रिविक्रम आणि त्याचे घर

दिवाळीत लातूरला पाहुणे आले, की फराळाची ताटे उचलली जात असताना एक प्रश्न हमखास निघतो : "इथे जवळपास बघण्यासारखे काय आहे?" यजमानाची उत्तरे ठरलेली असतात. गावातला सिद्धेश्वर, सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती गंजगोलाई, औशाचा किल्ला, खरोशाची लेणी आणि जरा लांब जाण्याची तयारी असेल तर निलंग्याचे नीलकंठेश्वराचे देऊळ. तेरचे नाव निघालेच तर ते गोरोबाकाकांच्या दर्शनासाठी निघते. तेरणेच्या काठी जावे, संत गोरा कुंभारांच्या समाधीपुढे माथा टेकावा, मुलांना संग्रहालय दाखवावे आणि परत फिरावे. वाटेत त्रिविक्रमाचे देऊळ लागते. बायका हात जोडतात, पुरुष घड्याळ बघतात, मुले पायरीवर बसतात. पाच मिनिटांत सारे गाडीत.

यात पाहुण्यांचा दोष नाही. देऊळ बघायचे म्हणजे त्यावरची शिल्पे बघायची, असेच आपणा सर्वांना शिकविले गेले आहे. निलंग्याच्या भिंतीवर सुरसुंदरी आहेत. कोणी आरसा पाहते, कोणी पत्र लिहिते. तिथे बोट दाखवून "ही बघा" म्हणता येते. तेरच्या त्रिविक्रमाच्या भिंतीवर बोट दाखवावे असे काही नाही. चुन्याचा गिलावा, त्याखाली वीट, पुढे एक सपाट छपराचा मंडप आणि मागे एक गोलावा. ज्याला दागिन्यांवरून बाई ओळखण्याची सवय लागली, त्याने लुगड्याच्या चौघडीकडे आणि चालण्याच्या ढबीकडे पाहावे कसे?

तरीही माझे म्हणणे असे आहे, की मराठवाड्यात वास्तुकला नावाची गोष्ट शिल्पाच्या आधाराशिवाय पाहावयाची असेल, तर या घराइतके चांगले ठिकाण दुसरे नाही. आणि आणखी एक म्हणणे आहे, ते जरा वादाचे आहे. पण ते शेवटी येईल.

आधी गावाविषयी. तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे, लातूरच्या पश्चिमेला पन्नासएक किलोमीटरवर. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघेपर्यंत दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात नांदत होती. त्यांचे नाते मात्र जिल्ह्यांपेक्षा पुष्कळ जुने आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या ताम्रपटांतून स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा लट्टलूर नगराचे स्वामी म्हणवीत, आणि शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे लातूर, तगर म्हणजे तेर. गंमत अशी, की राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेटला होती, आणि शिलाहार कोकणात व कोल्हापूरकडे राज्य करीत होते. मूळ गाव सुटले होते. नाव सुटले नव्हते. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेला मराठवाड्याचा माणूस जसा घराच्या पाटीवर आडनावात गावाला धरून ठेवतो, तसेच हे.

या तगराची कीर्ती समुद्रापलीकडे गेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची जी माहिती लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे आणि तिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदरात जाते, असे त्यात नमूद आहे. हे तगर कोणते, यावर विद्वानांनी बराच काळ डोके खाजविले. १९०१ च्या सुमारास फ्लीट यांनी ते तेर असल्याचे दाखवून दिले आणि त्यानंतर लगेच पुराणवस्तू खात्याचे हेन्री कझिन्स तेरला येऊन गेले. गावाच्या पांढरीत पाऊस पडला की मणी, शंखाच्या बांगड्या, मातीची खेळणी वर येत. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी ती हौसेने गोळा केली आणि त्यांच्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेई गावात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय मूर्तीची ती जवळची बहीण शोभावी. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. म्हणजे त्या काळी दख्खनच्या कारागिराच्या हातचे काम रोमन माणसाच्या घरात पोचत होते.

अशा या श्रीमंत गावात, ते श्रीमंत होते तो काळ सरून काही शतके झाल्यावर, बहुधा पाचव्या-सहाव्या शतकात, हे विटांचे घर उभे राहिले. कझिन्स यांनी ते पाहिले, मापे घेतली आणि जगाला सांगितले, की डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहांसारखे, पण जमिनीवर बांधलेले आणि छपरासकट शिल्लक राहिलेले असे हे चैत्यगृह आहे.

या वाक्यातले आश्चर्य नीट कळण्यासाठी कार्ल्याचे लेणे डोळ्यांपुढे आणावे लागेल. एकवीरेच्या दर्शनाला गेलेल्यांनी ते पाहिलेले असते. सुमारे १२४ फूट लांबीचे दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल भिंत आणि त्या अर्धगोलात स्तूप. वर पिंपासारखे अर्धगोल छत आणि त्याला लाकडाच्या फासळ्या. दगडाच्या छताला लाकडाच्या फासळ्यांची गरज नसते. त्या आहेत, कारण कोरणाऱ्यांच्या मनात लाकडी इमारत होती. गावोगाव जी लाकडाची आणि विटांची चैत्यगृहे होती, त्यांची नक्कल डोंगरात उतरविली गेली. नक्कल टिकली आणि अस्सल गेले. लाकूड कुजले, विटा लोकांनी उचलल्या. छपरासकट उरलेली बांधीव उदाहरणे म्हणून जाणकार नेहमी दोनच नावे घेतात : आंध्रातल्या चेझर्ल्याचे कपोतेश्वराचे देऊळ आणि आपले तेरचे त्रिविक्रमाचे. एकात आज शंकर आहे, एकात विष्णू.

आता घराकडे वळू. आकाराने ते लहान आहे. मूळ वास्तू लांबीला तीसएक फूट. कार्ल्यापुढे अगदी नातवंड. समोरून पाहिले तर नंतर जोडलेला मंडप आड येतो, आणि त्याच्या वर घराचा खरा चेहरा, म्हणजे घोड्याच्या नालासारखी कमान असलेला दर्शनी भाग, डोके काढून उभा असलेला दिसतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की दर्शन झाल्यावर लगेच निघू नये. बाहेरून चालत मागे जावे. भिंत आधी सरळ जाते आणि मग कोपरा न करता वळू लागते. आपण कोपऱ्याची वाट पाहत असतो आणि तो येत नाही. पाय आपोआप भिंतीबरोबर वळतात, आणि आपण पलीकडच्या बाजूला कधी पोचलो ते कळत नाही. वर छप्परही तसेच : पुढून पाठीसारखे लांब आणि मागे उतरत गोल झालेले. आपल्या जुन्या शिल्पशास्त्रात अशा आकाराला 'गजपृष्ठ' म्हणतात, आणि जमिनीवरच्या आराखड्याला 'चापाकार'. बसलेल्या हत्तीच्या मागे उभे राहून पाहावे तसे ते दिसते. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली होती.

हा गोलावा विटेत साधणे सोपे नाही. छतासाठी आपल्या गवंड्यांनी खरी कमान वापरली नाही. विटेचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा बोटभर पुढे सरकवीत दोन्ही भिंती वर जवळजवळ आणल्या आणि शेवटी मिळविल्या. अशा बांधणीत वरचे वजन मागे दाबून धरायला भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि आतली जागा अरुंद राहते. घर लहान का, याचे एक उत्तर इथेच मिळते. आणि वीट तरी कशी? तेरच्या जुन्या देवळांतल्या विटा आकाराने मोठ्या आहेत, आणि त्यांतल्या काही इतक्या हलक्या व सच्छिद्र, की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. ज्या गावाने पुढे गोरोबाकाकांसारखा कुंभार दिला, त्या गावाला मातीचे ज्ञान आधीपासूनच होते, असे म्हणावयास हरकत नाही. याच गावातल्या उत्तरेश्वराचे देऊळही विटांचे. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा पाहिली, म्हणजे लाकूड आणि वीट यांची इथे किती जुनी जोडी होती हे ध्यानात येते.

पण भिंत गोल का करावयाची? चौकोनी खोली बांधणे सोपे, छप्पर घालणे सोपे. मग हा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर शोधताना मला थेट फ्रान्सपर्यंत जावे लागले, आणि ती वाट एका स्कॉटिश पंडिताने दाखविली. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७६ मध्ये भारतीय वास्तुकलेचा मोठा इतिहास लिहिला. त्यात कार्ल्याचे वर्णन करताना आपल्या वाचकांना कल्पना यावी म्हणून ते सांगतात, की या दालनाची मांडणी आणि मापे इंग्लंडमधील नॉर्विचच्या आणि फ्रान्समधील काँ शहरातल्या मोठ्या मठाच्या चर्चशी पुष्कळ जुळतात. काँचे ते चर्च 'पुरुषांचा मठ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मठाचे. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने अकराव्या शतकात तो मठ स्थापिला आणि त्याला तिथेच पुरले. मधे लांब दालन, बाजूला खांबांच्या रांगा आणि टोकाला गोलावा. साम्य आहे खरे. परंतु कार्ले त्या चर्चपेक्षा हजार वर्षांनी जुने, आणि दोघांच्या बांधणाऱ्यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. फर्ग्युसन मापांपाशी थांबले. मला वाटते, साम्याचे खरे कारण फुटपट्टीने सापडणार नाही, ते पायांनी सापडेल.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये संतांच्या अस्थी हे मठांचे मोठे धन असे. काँक या डोंगरातल्या गावी फुआ नावाच्या एका कोवळ्या मुलीच्या अस्थी होत्या. धर्मासाठी तिला मारले गेले, आणि पुढे तिची सोन्याने मढविलेली मूर्ती करून त्यात त्या ठेवल्या. दूर स्पेनपर्यंत पायी जाणारे यात्रेकरू वाटेत तिचे दर्शन घेत. आता पंढरीची वारी ज्याने पाहिली त्याला सांगावयास नको, की हजारो माणसे एका दारातून आत येऊन त्याच दारातून परत जाऊ लागली तर काय होते. शिवाय मधे साधूंची प्रार्थना चाललेली. तीही मोडता कामा नये. म्हणून त्या लोकांनी टोकाच्या गोलाव्याभोवती एक वळणदार वाट काढली. यात्रेकरूने एका बाजूने जावे, अस्थींना वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे. काँकला आणि तूलूझच्या मोठ्या चर्चमध्ये ही वाट आजही चालता येते.

आपल्याकडे स्तूपही मुळात अस्थींचाच, तथागतांच्या आणि थोर भिक्षूंच्या. आणि त्याला वंदन करण्याची रीत म्हणजे प्रदक्षिणा. चालणाऱ्याला कोपरा अडतो. घाण्याच्या बैलाची वाट जशी आपोआप गोल होते, तशी प्रदक्षिणेची वाटही गोलच होते आणि भिंत तिच्यामागून वळते. दोन्हीकडे माणसाला पूज्य वस्तूभोवती फिरावयाचे होते, म्हणून दोन्हीकडे भिंत वाकली. कोणी कोणाकडून घेतले नाही. पायांनी भिंतीला वळण लावले.

इथे एक फरकही नोंदविला पाहिजे, नाहीतर कौतुकाच्या भरात अन्याय होईल. फ्रान्सच्या गवंड्याला खरी कमान ठाऊक होती. पाचरीसारखे कापलेले दगड एकमेकांना दाबून धरतात, आणि त्यामुळे उंच व रुंद छत तोलता येते. त्या एका युक्तीवर त्यांनी शे-दीडशे वर्षांत आकाश गाठले. तेरच्या गवंड्याच्या हातात ती युक्ती नव्हती, किंवा त्याने ती वापरली नाही. आणि म्हणून त्याची वास्तू एका मर्यादेपलीकडे वाढू शकली नाही. पुढे आपल्याकडचा वास्तुकार विटेकडून दगडाकडे, पोकळीकडून भरीवपणाकडे, भिंतीकडून शिल्पाकडे वळला. निलंगा ही त्या वाटेवरची भरभराट आहे. पण तेरला जी सुरुवात होती, म्हणजे आतल्या पोकळीला आकार देण्याची, ती मागे पडली. एखाद्या घराण्यात गाण्याची गोड गळ्याची परंपरा असावी आणि पुढच्या पिढ्यांनी केवळ तबल्यातच नाव काढावे, तसे हे झाले.

आता वादाचा भाग. कझिन्स यांच्यापासून पुष्कळांनी असे मानले, की हे घर मुळात बौद्धांचे. स्तूप गेला आणि त्रिविक्रम आला. हे ऐकले, की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच दोन गोष्टी तयार होतात. एकाला वाटते, एका धर्माने दुसऱ्याचे घर बळकावले. दुसऱ्याला वाटते, हे सारे परक्या साहेबांचे तर्क. दोघेही भिंतीकडे पाहणे सोडून देतात.

गोरोबाकाकांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारले, "काका, यातली मडकी कच्ची कोणती आणि पक्की कोणती?" काकांनी थापटणे घेतले, प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेव कच्चे निघाले. हे थापटणे मतांवरही चालवावे. 'चापाकार म्हणजे बौद्ध' हे मत वाजवून पाहिले तर त्याचा आवाज जरा बद्द येतो. नागार्जुनकोंड्याच्या उत्खननात अशा आकाराची बौद्ध चैत्यगृहे निघाली तशी हिंदू देवळेही निघाली. ऐहोळेचे ज्याला दुर्गा मंदिर म्हणतात ते असेच मागून गोल आहे आणि ते बौद्ध कधीच नव्हते. विदिशेजवळ बेसनगरला वासुदेवाच्या गरुडस्तंभापाशी जे अतिप्राचीन देऊळ होते, त्याचा पायाही लंबगोल निघाला. म्हणून हे घर आरंभापासूनच विष्णूचे असावे असे मानणारे अभ्यासकही आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उलट, तेरला बौद्ध होते हेही पक्के. १९६०च्या दशकातल्या उत्खननात इथे विटांचा मोठा स्तूप निघाला आहे. मला स्वतःला पहिला तर्क अधिक पटतो. कारण आतल्या देवाचे आणि घराचे मला तितकेसे जमलेले दिसत नाही.

तेही सांगतो. स्तूपाला समोर नसते. तो सगळीकडून सारखाच, म्हणूनच त्याच्याभोवती फिरावयाचे. त्रिविक्रमाला मात्र समोर असते. बटू वामनाने बळीकडे तीन पावले जमीन मागितली आणि मग वाढत वाढत एका पावलात पृथ्वी व एका पावलात आकाश घेतले, तो क्षण या मूर्तीत धरलेला असतो. एक पाय रोवलेला, एक आडवा आभाळाकडे उचललेला. ही मूर्ती रुंदीत पसरते आणि तिला समोर उभे राहून पाहावे लागते. घर मात्र लांबट आणि अरुंद. ते पाहणाऱ्याला पुढे नेऊ पाहते, वळसा घालावयास सांगते. आणि देव म्हणतो, थांब, माझ्याकडे पाहा. शिल्प चांगले, वास्तू चांगली, पण दोघांचा स्वभाव निराळा. स्थळाचा मेळ बसावा तसा हा मेळ नाही. भाडेकरू आणि वाडा यांचा असतो तसा आहे. आणि तरीही त्यात एक विलक्षण गोष्ट घडून गेली आहे. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा देव तीस फुटांच्या घरात गेली कित्येक शतके मुकाट्याने उभा आहे. वामनाची गोष्ट इथे उलटी वाचावी लागते.

आता मी माझ्या खऱ्या म्हणण्यापाशी आलो. हे घर आज उभे आहे ते त्यात कोणीतरी राहत आले म्हणून.

त्याच गावातल्या स्तूपाचे काय झाले पाहा. त्याला पुजणारे उरले नाहीत. विटा ढासळल्या, वर माती बसली आणि माणसे विसरली. उत्खनन झाले तेव्हा तळ तेवढा हाती लागला. फ्रान्समध्येही हेच दोन मार्ग दिसतात. क्लूनीच्या मठाचे १०८८ मध्ये सुरू झालेले चर्च सुमारे १८७ मीटर लांब होते. रोमचे सेंट पीटर नव्याने उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. राज्यक्रांतीत साधू हाकलले गेले, १७९८ मध्ये ते विकले गेले आणि घेणाऱ्यांनी त्याची दगडाची खाण केली. वर्षानुवर्षे दगड विकला जात होता. आज एक भुजा आणि काही तुकडे उरले आहेत. काँच्या मठातूनही साधू गेले. परंतु चर्च गावाचे झाले, मठाच्या इमारतीत शाळा भरू लागली आणि आता तिथे नगरपालिकेचे कार्यालय आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर बाँब पडत होते, तेव्हा हजारो माणसे मुलाबाळांसकट त्याच जुन्या भिंतींच्या आत जाऊन राहिली. शहराचा मोठा भाग गेला. ते चर्च राहिले आणि आत आलेली माणसेही बहुतेक वाचली.

तेरला स्तूप गेला असेल तर ती हानीच आहे, आणि ती मी लपवीत नाही. मंडपाने चेहरा झाकला तीही हानी. गिलाव्याखाली वीट गेली तीही. पण रोजचा दिवा, रोजचे पाणी, एकादशीची गर्दी आणि पाऊस झिरपू लागला की "देवळात गळतंय" म्हणून ओरडणारा कोणीतरी, एवढ्या भांडवलावर हे छप्पर दीड हजार वर्षे टिकले. ज्याला मूळ रूप बिघडविणारा म्हणून आपण दोष देतो, तोच पुष्कळदा राखणारा असतो.

हे सांगताना माझा आवाज फार चढू नये याची मला काळजी आहे, कारण मी लातूरच्या बाजूचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि ती बहुतेक जुन्याच भिंतींखाली गेली. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती. मातीत रचलेल्या दगडाच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार. तो सगळा झोपलेल्या माणसांवर आला. त्यानंतर आमच्याकडच्या माणसाला 'जुने' हा शब्द कसा ऐकू येतो, हे बाहेरच्याला समजणे कठीण आहे. त्याने वाडा पाडून स्लॅब घातला तर त्याला रसिकता नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. जिवापेक्षा कोणतीही कमान मोठी नाही.

परंतु भीतीने घेतलेला निर्णय देवळांपर्यंत पसरला, की वेगळे काही होऊ लागते. जीर्णोद्धार म्हणजे जुने काढून नवे घालणे, असा अर्थ रूढ होत चालला आहे. चुन्यावर तैलरंग, फरशीवर चकचकीत लाद्या, गाभाऱ्यात नळ्यांचे दिवे, शिखरावर सिमेंट. त्यात भक्ती खरी असते, पैसा घामाचा असतो. आणि दुसऱ्या टोकाला कुंपण, कुलूप आणि निळी पाटी. आत दिवा नाही, बाहेर माणूस नाही. एका मार्गाने देऊळ ओळखू येत नाही, दुसऱ्याने त्याचा स्तूप होतो.

तेरचे घर या दोन्ही टोकांना उत्तर देते असे मला वाटते. त्यात देव बदलला असेल, पुढे मंडप आला, गिलावा आला. पण भिंतीचे वळण कोणी सरळ केले नाही. दीड हजार वर्षांत एकाही पुजाऱ्याला, एकाही पाटलाला असे वाटले नाही, की हा गोलावा पाडून चौकोनी सोयीची खोली करावी. तो का आहे हे त्यांना बहुधा ठाऊक नव्हते. पण तो तसाच असावा, एवढे त्यांनी मानले. जीर्णोद्धाराचा खरा नियम इथे सापडतो : जे रोज लागते ते बदलावे, ज्याने घराला घरपण दिले ते ठेवावे. मात्र कोणत्या गोष्टीने घरपण दिले हे कळावयाचे, तर आधी पाहावे लागते. आणि पाहण्याचे काम पुराणवस्तू खात्याचे एकट्याचे नाही. ते तुमचेआमचेही आहे.

म्हणून या दिवाळीत पाहुण्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला, तर तेरचे नाव सांगा. गोरोबाकाकांचे दर्शन घ्या, संग्रहालयातली हस्तिदंती बाई मुलांना दाखवा आणि मग त्रिविक्रमाकडे जा. हात जोडून झाले, की मुलांना देवळाच्या मागे पाठवा आणि एवढेच सांगा, की भिंतीला हात लावून चालत जा आणि कोपरा सापडला तर हाक मारा. मोठ्यांनी तोवर पायरीवर बसावे. हाक येणार नाही. मुले दुसऱ्या बाजूने येतील.